छोट्या फोर बाय फोर गाड्या दरवर्षी फुगत काहून चालल्या?

संत्रावाला_वरूड

राजेहो, एक साधा प्रश्न आहे पण आठ दिवसांपासून डोक्यातून जाऊन नाही राहिला.

आमच्याकडे २००४ ची मारुती जिप्सी आहे, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर, सॉफ्ट टॉप, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. गावापासून बागेपर्यंत पावणेदोन किलोमीटर पांदण आहे, एका अंगाला नाला अन् दुसऱ्या अंगाला लोकांचे तारेचे कुंपण, आणि त्या पांदणीतून ही गाडी खत, औषध, आंबिया बहाराच्या संत्र्याचे क्रेट, मजूर, सगळं घेऊन जाते, पावसाळ्यात बाकी सगळे हात टेकतात तेव्हाही बहुतेक वेळा जाते. आता चेसिसला मागून गंज लागला आहे आणि वीस वर्षांवरच्या गाडीच्या पासिंगची फी पण सरकारनं दहा हजार करून ठेवली, म्हणून म्हटलं नवीन पाहू.

अमरावतीला एका शोरूममध्ये गेलो. थार पाहिली. गाडी झकास, त्यात वादच नाही. पण मी खिशात टेप घेऊन गेलो होतो (लोक हसले, हसू द्या) आणि मोजली तं १८२० मिलिमीटर रुंद, आरसे सोडून. आमची जिप्सी १५४०. म्हणजे सरळ २८ सेंटीमीटरचा फरक, जवळपास एक फूट! आता बागेच्या तोंडाशी आजोबांनी दोन दगडी खांब रोवून ठेवले आहेत, बैलबंडी आरामात जाईल या हिशोबानं. त्यांच्यातलं अंतर ५ फूट १० इंच, म्हणजे १७७८. थार अडकली ना तिथेच. सेल्सवाल्याला सांगितलं तं तो म्हणे सर खांब काढून टाका. बाबा सोबत होते. बाबा काहीच बोलले नाहीत, उठून सरळ गाडीत जाऊन बसले.

माझा प्रश्न खांबाचा नाही. प्रश्न असा की जी गाडी बनवलीच अडचणीच्या जागी जायला, तिलाच दरवेळी लांब रुंद उंच करून काय मिळतं? लोकं मोठे झाले का रस्ते मोठे झाले? आमची पांदण तं तेवढीच आहे.

---

पोट्टा_अकोल्याचा

भाऊ खांब काढा, थार घ्या, विषय संपला.

---

परतवाड्याचा_मिस्त्री

वरच्या पोट्ट्याचं ऐकू नका.

भाऊ मी पंचवीस वर्सं झाले जीपाच खोलून राहिलो, महिंद्राची ५४० म्हना, कमांडर म्हना, मार्शल म्हना, सगळ्यायचे पोट पाह्यले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर गाडीत नाई, गाडी घेनाऱ्यात हाय. पहिले जीप घेत कोन होतं? फॉरेस्टवाले, पोलीस, इरिगेशनवाले, एखादा मोठा कास्तकार, आन काळीपिवळीवाले. हे सगळे गाडीले काम सांगनारे लोकं. मेळघाटात चिखलदऱ्याच्या घाटात काळीपिवळी चौदा चौदा मानसं घेऊन जाय, मांगं आमोरासमोर बाकडे, मानसाच्या मांडीवर मानूस, टपावर कोंबड्याचे खुराडे, एसी नाई, काच नाई, ताडपत्री वर. कोनाले तक्रार नोती. आमोरासमोर बाकडे असले म्हनजे पायासाठी जागाच लागत नाई, दोघायचे पाय एकाच गल्लीत. तेवढ्या लांबीत आता दोन मानसं समोर तोंड करून बसवा बरं, गुडघ्याले जागा पायजे, पाठ मांगं टेकाले पायजे, डोक्याले उशी पायजे, तिथंच गाडी हातभर लांब झाली.

आता जीप घेते कोन? डॉक्टर, ठेकेदार, प्लॉटिंगवाला, आन बापाच्या पैशाचं पोट्टं. त्यायले एसी पायजे, मे महिन्यात ४६ डिग्री असते आपल्याकडं, त्यात चूक काई नाई म्हना, मले बी पायजे. टीव्हीएवढी स्क्रीन पायजे. बायको लेकरं मांगच्या दारातून बसले पायजे, पहिले सारखं समोरची सीट मोडून वाकून नाई. आन मेन म्हनजे समृद्धीवर गाडी १२० नं पळाली पायजे. तुमची जिप्सी ८० च्या वर गेली की स्टेरिंग हातात नाचते का नाई, खरं सांगा. आखूड गाडी पांदनीत शानी आन हायवेवर येडी. चाकं एकमेकापासून जेवढे दूर तेवढी गाडी सरळ चालते. कंपनीवाला बिचारा काय करन, ज्याच्या खिशात पैसा त्याच्याच मापाचा सदरा शिवते.

पांदनीत जानारे गिऱ्हाईक शंभरात पाच बी नसतीन, त्यायनं ट्रॅक्टर घेतला.

---

संत्रावाला_वरूड

मिस्त्री, ८० नाही, ७० लाच नाचते. पण तुमची गोष्ट पटली तरी अर्धीच पटली. लांबी समजली, मागचं दार समजलं. रुंदी काहून? तीन दाराची थार पण १८२० च आहे की. बसणारे तं समोर दोघंच, पहिलेही दोघंच होते.

---

वाशिमकर_चाकणात

मी मूळचा मंगरूळपीरचा, सध्या चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका ठिकाणी डिझाइनला आहे, त्यामुळे या प्रश्नावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

रुंदीचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे धडक. आपल्याकडे ऑक्टोबर २०१७ पासून नवीन मॉडेलना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्याच कारना क्रॅश टेस्ट लागू झाली, समोरून ५६ च्या स्पीडनं अर्ध्याहून कमी तोंड आपटायचं आणि बाजूनं वेगळी धडक द्यायची. त्याच काळात एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय), ड्रायव्हरची एअरबॅग, बेल्टची घंटी हे पण सक्तीचं झालं. जिप्सी बाजारातून का गेली? खप कमी होता हे खरं, पण १९८५ ला आपल्याकडे आलेल्या डिझाइनला हे सगळं बसवणं शक्यच नव्हतं. उद्या सकाळी जिप्सीचा दरवाजा उघडा आणि जाडी बघा. तो दरवाजा नाहीच, पिंपाचं झाकण आहे. आता त्याच दरवाजात आडवी स्टीलची दांडी टाका, काचेची मोटर टाका, स्पीकर टाका, आवाज दाबायचं मटेरियल टाका, आणि धडक बसली तर दरवाजा आत दबेल पण बरगड्यांपर्यंत येणार नाही एवढी मोकळी जागा ठेवा. एका बाजूला तीन-चार इंच सहज गेले, दोन्ही बाजूला मिळून सहा-आठ. आतल्या दोघांच्या खांद्याला जागा तेवढीच मिळते, बाहेरून गाडी मात्र बोटं बोटं करत वीतभर वाढते. तुमचे २८ सेंटीमीटर यातच बरेचसे खपले.

समोरचंही तसंच. धडकेचा जोर कुठेतरी जिरवायला अंतर लागतं, अंतर नसेल तर तो जोर ड्रायव्हरच्या गुडघ्यात जिरतो. जिप्सीत तुमचे पाय आणि बंपर यांच्यात किती माया आहे ते एकदा बघाच (आणि मग जपून चालवा). त्यावर पुन्हा पायी चालणाऱ्या माणसाचं डोकं बॉनेटवर आपटलं तर खाली लगेच इंजिनचं लोखंड लागू नये म्हणून बॉनेट आणि इंजिनमध्ये पोकळी ठेवावी लागते, म्हणजे बॉनेट वर गेलं. बॉनेट वर गेलं की ड्रायव्हरला दिसेना म्हणून सीट वर गेली. सीट वर गेली की टप वर गेला. गाडी उंच झाली की वळणावर उलटायची भीती वाढली म्हणून चाकं बाहेर सरकवली. आणि आपण परत रुंदीवर आलो!

टायरचं घ्या. जिप्सीचा २०५/७० आर १५, थारचा २५५/६५ आर १८ (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, शेवटचा रिम इंचात). टायर रुंद आणि उंच झाला की तो वळताना आत जास्त घुसतो, म्हणजे एकतर इंजिनची जागा कमी करा नाहीतर गाडी रुंद करा. इंजिनची जागा कमी करता येत नाही कारण बीएस ६ हा धुराचा कडक नियम आल्यानंतर तिथे धूर गाळायचं सामान, जास्तीचे कूलर, पाईप, सेन्सर यांची जत्रा भरली आहे. एवढं सगळं घातल्यावर वजन वाढतं, वजन वाढलं की इंजिन मोठं, ब्रेक मोठे, ब्रेक मोठे म्हणून रिम मोठी, रिम मोठी म्हणून पुन्हा टायर मोठा. सॉफ्ट टॉप जिप्सी ९८५ किलोची होती, आजची थार पावणेदोन टनाच्या आसपास जाते. पहिल्या जिप्सीच्या ९७० सीसी इंजिनची ताकद ४५ घोड्यांची, आज तेवढ्या ताकदीवर थार पांदणीचा पहिला चढ चढली तरी नशीब.

आणि हे आपल्याकडेच घडलं असं नाही. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप १५७५ मिलिमीटर रुंद होती, पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ८० इंच, वजन टनाच्या थोडं वर. तिच्याच वंशातली चार दारांची रँगलर २००७ च्या मॉडेलपासून आली, तिचं तेच अंतर ११६ इंच. जुनी लँड रोव्हर डिफेंडर १७९० रुंद होती, २०२० नंतरची जवळजवळ दोन मीटर आहे. अमेरिकेत तर २०११ च्या मॉडेल वर्षापासून मायलेजचा नियमच असा आहे की चार चाकांच्या मधली जमीन जेवढी जास्त तेवढं मायलेजचं टार्गेट सोपं. मग छोटी गाडी काढून स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेईल.

---

कोलारा_गेट

मी ताडोब्यात जिप्सी चालवतो, बारा वर्षं झाली. वाशिमकर भाऊंचं सगळं बरोबर असेल, पण आमच्याकडं उलटं आहे. जंगलातल्या रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीनं चाक गवतात घालायचं अन् दुसरी निघते, जिप्सीले ते जमते. सहा पर्यटक, एक गाईड, एक मी. रिव्हर्स घ्या, वळवा, कमी जागेत फिरते. वजन कमी आहे म्हणून ओल्या मातीतही तरंगल्यासारखी निघते. बंद झाल्यावर जुन्या जिप्सीचे भाव उतरायले पायजे होते, आमच्याकडे वाढले!

फक्त पर्यटक पहिल्यापेक्षा रुंद झाले हे मी बोलणार नाही, धंदा आहे.

---

बेडूक_३५९

सुझुकीच्या जिमनीचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. या सगळ्या चर्चेत एक गाडी अशी आहे जिनं दाखवून दिलं की नियम असेल तर गाडी छोटी राहू शकते.

जपानमध्ये केई नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे, मापात बसली तर टॅक्स कमी. १९७० ला पहिली जिमनी आली तेव्हा मर्यादा होती तीन मीटर लांबी आणि ३६० सीसी. सुझुकीनं गाडी बनवली २९९५ मिलिमीटर आणि ३५९ सीसी, दोन सिलिंडर, टू स्ट्रोक (माझं नाव तिथूनच आलं). मागे स्टेपनी लटकवली असती तर लांबी तीन मीटरच्या बाहेर गेली असती म्हणून स्टेपनी आत घेतली, मागच्या एका माणसाची जागा खाऊन! नंतर १९७६ ला सरकारनं मर्यादा ३.२ मीटर आणि ५५० सीसी केली, १९९० ला ३.३ आणि ६६०, १९९८ ला ३.४ मीटर लांब आणि १.४८ रुंद. जिमनी दरवेळी त्या रेषेपर्यंत वाढत गेली आणि तिथं थांबली. २०१८ ची जपानी जिमनी ३३९५ बाय १४७५ आहे, म्हणजे मर्यादेच्या आत पाच पाच मिलिमीटर. तुमच्या जिप्सीपेक्षाही अरुंद, एअरबॅगा वगैरे सगळं असून. तेव्हा वाशिमकर भाऊ, सेफ्टीमुळे रुंदी वाढतेच हे मला शंभर टक्के मान्य नाही.

आपल्याकडे पण तसंच बघा. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या गाड्यांची एक्साइज २४ वरून १६ टक्के केली. त्या दिवसापासून प्रत्येक कंपनीची टेप चार मीटरवर येऊन थांबते. बोलेरो ३९९५. तीन दाराची थार ३९८५. पाच दाराची जिमनी ३९८५. पण रुंदीवर आपल्याकडे टॅक्स नाही, म्हणून लांबीत कोंडलेली गाडी रुंदीत अन् उंचीत सुटली. कणकेचा गोळा डब्यात दाबला की झाकणाकडून वर येतो, तसं.

---

वाशिमकर_चाकणात

बेडूक भाऊ, कणकेचं मस्त. जपानी जिमनीबद्दल मान्य, पण ती चार माणसांची गाडी आहे आणि मागे दोघं बसले तर डिकीत पिशवी पण जात नाही. आपल्याकडे ती तशी आली असती तर दोनशे लोकांनी कौतुक केलं असतं आणि वीस लोकांनी घेतली असती. आपल्याकडची १६४५ रुंद आहे, जपानमध्ये जी मोठ्या इंजिनाची सिएरा म्हणून विकतात तिच्याच रुंदीची, फक्त लांब करून पाच दारं बसवलेली.

आणि टॅक्सचं एक दुरुस्त करतो. नुसती चार मीटरच्या आत असून भागत नाही, पेट्रोल असेल तर १२०० सीसी आणि डिझेल असेल तर १५०० सीसीच्या आत लागते. जिमनीचं इंजिन दीड लिटर पेट्रोल, म्हणजे लांबी बसली तरी सूट नाही. थारमध्ये तर गंमत अजून मोठी आहे. १५०० सीसी डिझेल, जी फक्त मागच्या चाकांवर चालते, ती सूटमध्ये बसते. फोर बाय फोर थारचं इंजिन मोठं, ती बाहेर. २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे दर धरले तर पहिलीला १८ टक्के जीएसटी आणि दुसरीला ४०.

---

परतवाड्याचा_मिस्त्री

म्हनजे मॉलमधी जानारीले १८ आन वावरात जानारीले ४०? वा रे वा.

---

संत्रावाला_वरूड

हे मला माहितच नव्हतं. सेल्सवाल्यानं पण १५०० चीच गाडी पुढे केली होती, म्हणे ऑफर चांगली आहे, लुक सेमच आहे. मी विचारलं पुढच्या चाकाला गिअर कुठे आहे तं म्हणे सर आजकाल कोणी वापरत नाही.

---

विलिसचा_नातू

एक वेगळी गोष्ट. लहान जीप बनवता येत नाही असं नाही, बनवली होती. महिंद्रानंच २०१८ ला अमेरिकेत रॉक्सर नावाची गाडी काढली, मिशिगनमध्ये फॅक्टरी टाकून. जुन्या जीपचाच साचा, अडीच लिटर डिझेल, ६२ घोडे, लोखंडी पत्रा, आत काही नाही. पण ती रस्त्यावर चालवायची परवानगी नव्हती, शेतात आणि रानात चालवायची गाडी म्हणून विकली, स्पीड ४५ मैलावर म्हणजे साधारण ७२ वर बांधलेला. रस्त्यावर येणार नाही म्हणून कारचे क्रॅशचे नियम लागू नाहीत, म्हणून एअरबॅग नाही, म्हणून जाड दरवाजा नाही, म्हणून लहान. आपल्या बाबांच्या जीपवर अमेरिकेतला शेतकरी कुंपण तपासत फिरला, आणि आपण इथं स्क्रीनची साईज मोजतो. जीप कंपनीनं समोरच्या जाळीवरून कोर्टकचेरी केली ते वेगळंच रामायण.

आपल्याकडे तसं जमत नाही कारण आपली पांदण डांबरी रस्त्याला लागते आणि डांबरी रस्ता आठवडी बाजाराला. शेतापुरती गाडी आणि बाजारापुरती गाडी अशा दोन गाड्या घ्यायची ऐपत कोणाची आहे.

---

पोट्टा_अकोल्याचा

पाच दाराची थार रॉक्स १८७० रुंद आहे. मी फक्त सांगून राहिलो.

---

निवृत्त_तलाठी

सर्वांना नमस्कार. मला गाड्यांतलं काही कळत नाही, मुलाच्या मोबाईलवर वाचत होतो. वरूडच्या दादांनी लिहिलं की आमची पांदण तेवढीच आहे. दादा, राग मानू नका, पण पांदण तेवढी नाही. मी ३१ वर्षं नोकरी केली, तेवढी राहिलेली पांदण मी हाताच्या बोटावर मोजण्याइतकी पाहिली.

गावनकाशात पायमार्ग सव्वाआठ फुटाचा असतो आणि गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटाचा. गाडीमार्गाला दोन तुटक रेघा दाखवलेल्या असतात. त्या साडेसोळा फुटातून थार काय, तिच्या बाजूनं बंडी सुद्धा जाईल. पण दरवर्षी वखरणीच्या वेळी इकडचा एक तास, म्हणजे वखराची एक ओळ, आत सरकतो, पुढच्या वर्षी तिकडचा सरकतो. मग कोणी धुऱ्यावर म्हणजे बांधावर बाभूळ राखतो, कोणी तार ओढतो, कोणी पाइपलाईन टाकून वर मातीचा ढीग करून ठेवतो. वीस वर्षांत साडेसोळाचे सात फूट होतात आणि लोकांना वाटतं पूर्वीपासून सातच होते. अतिक्रमण काढायला तहसीलदारांकडे मामलेदार कोर्ट कायदा १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करता येतो. नकाशावर रस्ताच नसेल तर महसूल कायद्याचं कलम १४३ आहे, बांधावरून वाट मागायला. शासनाच्या पांदण रस्त्यांच्या योजना पण आहेत, त्यात मातीकाम आणि खडीकरण होतं, पण आधी दोन्ही बाजूच्या लोकांनी मागे सरकायला पाहिजे. तिथंच घोडं अडतं. भावाभावात बोलणं नसतं तिथे बोट मागे कोण सरकवेल.

आपली पांदण पायमार्ग आहे की गाडीमार्ग हे आधी पाहून घ्या. नकाशाची नक्कल भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात मिळेल.

---

कोलारा_गेट

काका, लय मोठी गोष्ट बोलले. गाडी इकडून फुगली अन् पांदण तिकडून आकसली.

---

बेडूक_३५९

काकांना सलाम. मी इथं जपानचे नियम सांगत बसलो आणि खरी टेप काकांच्या हातात निघाली.

बाकी वरूडचे दादा, तुमच्या १७७८ मध्ये काय बसतं त्याचा हिशोब लावून ठेवला आहे. जिमनी १६४५, म्हणजे दोन्ही बाजूला साडेसहा सेंटीमीटर, आरसे मिटून घ्यावे लागतील. २०१० ची जुनी थार १७२६ होती, दोन्ही बाजूला अडीच अडीच सेंटीमीटर, मनात रामरक्षा म्हणत जाईल. बोलेरो १७४५, ती जाईल पण पुन्हा निघेल की नाही सांगत नाही. २०२० नंतरची थार आणि फोर्स कंपनीची गुरखा, दोघींना रामराम. गुरखा तर १८६५ आहे.

---

परतवाड्याचा_मिस्त्री

आन रुंदीचा हिशोब सुक्या दिवसातला हाय हे बी ध्यानात ठेवा. काळी माती वली झाली की गाडीची कंपनी कोनती हे पाहत नाई. टायरच्या खाचात भरते, मंग मडगार्डात भरते, मंग चाक चाक राहत नाई, गोळा होते. रुंद टायरले तं आनखीनच माती धरते. हलकी गाडी असली तं दोन मानसं ढकलून काढते, पावनेदोन टनाची फसली तं ट्रॅक्टर बलावा, आन तो ट्रॅक्टर बी फसला तं सगळं गाव तमाशा पाहाले येते. मागच्या श्रावनात एका गिऱ्हाईकाची नवी कोरी गाडी धुऱ्यापाशी पोटावर टेकली. फोर बाय फोर होती, एक चाक नुसतं जागच्या जागी फिरू नये म्हनून असते ते लॉक होतं, सगळं होतं. शेवटी दोन बैलजोड्यायनं काढली. बैलायचं काई सॉफ्टवेअर अपडेट कराव लागत नाई.

---

संत्रावाला_वरूड

मंडळी, आठ दिवसांनी येऊन राहिलो, माफ करा, बागेत पाण्याची पाळी होती.

तीन गोष्टी झाल्या. पहिली, तलाठी काकांनी सांगितलं तसा नकाशा काढला. आमची पांदण गाडीमार्ग आहे! साडेसोळा फूट! मी टेप घेऊन पूर्ण पावणेदोन किलोमीटर चाललो, सगळ्यात अरुंद जागी सव्वासात फूट भरली. आणि सगळ्यात लाजेची गोष्ट अशी की ती सव्वासात फुटाची जागा नेमकी आमच्याच सामाईक वावराच्या कडेला आहे, आतली तार आमच्याच काकांनी ओढलेली, बाबांच्या देखत. बाबांना नकाशा दाखवला तं बाबा बराच वेळ पाहत राहिले अन् म्हणाले हा नकाशा जुना आहे. मी म्हटलं बाबा, जुनाच तं पाहिजे.

दुसरी, मोर्शीच्या एका मित्राकडे जिमनी आहे, त्याला गाडी घेऊन बोलावलं. खांबातून काढली, आरसे मिटून, एका खांबाशी बाबा उभे अन् दुसऱ्याशी मी. गेली. बेडूक भाऊंचा हिशोब मिलिमीटरचा निघाला. पांदणीत पण छान चालली, जिप्सीपेक्षा मऊ, आणि एसीत बसून संत्र्याची झाडं पाहायची मजा काही वेगळीच आहे, खोटं कशाला बोलू. मी जवळजवळ मनातून बुक करूनच टाकली होती.

तेवढ्यात बाबांनी मागचं दार उघडलं अन् म्हणाले क्रेट आणा. मित्र म्हणे काका, मागची सीट पाडावी लागेल. पाडली. क्रेट लावले. तीन खाली, तीन वर, सातवा काही केल्या बसेना, आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. जिप्सीच्या मागं बाकडे काढून आम्ही चौदा टाकतो. बाबांनी सहा क्रेट पाहिले, गाडीभोवती एक चक्कर मारली, दारं मोजली.

म्हणे, दारं पाच, क्रेट सहा.

तिसरी गोष्ट, मिस्त्री, चेसिसचं वेल्डिंग तुमच्याकडे होते का? मंगळवारी आणू का गाडी?

---

परतवाड्याचा_मिस्त्री

मंगळवार नोको, बाजार असते. बुधवारी सकाळी आना, मांगचे बाकडे घरीच ठेवा. आन येतानी एक क्रेट संत्रा.